खिडकीतला कर्णा आणि आकाशगंगा

माजघरात बसून वाड्याचा दर्शनी भाग कसा दिसतो हे सांगायचं, तशी माणसाची आकाशगंगेबाबत गत. त्यात धुळीचे पडदे आड येतात.

आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूतून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र धूळ अडवत नाही. १९५१ मध्ये हार्वर्डच्या युएन आणि पर्सेल यांनी त्या प्रथम टिपल्या, तेही खिडकीबाहेर काढलेल्या प्लायवूडच्या कर्ण्यातून. पाऊस आला की पाणी थेट प्रयोगशाळेत! लहरीची कंप्रता किंचित सरकली की वायूचा ढग जवळ येतोय की दूर जातोय ते कळतं. त्या वेगावरून अंतराचा हिशेब मांडत खगोलशास्त्रज्ञ ऊर्ट आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये सर्पिल भुजांचा नकाशा काढला. ओबडधोबड होता, पण आपलाच वाडा कागदावर उतरला.

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही हायड्रोजनचा माग काढते. तिथे खरा शत्रू ढग नव्हे, मोबाइल. आकाशातले संदेश इतके क्षीण की खिशातला फोनही त्यांच्यापुढे भोंगा ठरतो. परिसरात नवा टॉवर किंवा कारखाना मंजूर करण्याआधी सरकारने दुर्बीणवाल्यांना विचारलंच पाहिजे. टॉवर चार किलोमीटर सरकवता येतो, ३० अँटेना नाहीत.