किल्ली ज्याची त्याची

वारणावतास निघालेल्या युधिष्ठिरास विदुरानें संकटाची सूचना दिली ती चारचौघांच्या देखत, परंतु त्या दोघांसच कळेल अशा भाषेंत. शब्द सर्वांनीं ऐकले. अर्थ मात्र ज्याला पोंचावयाचा त्यालाच पोंचला. हल्लींच्या कूटबद्ध ई-मेलचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं.

गेल्या चातुर्मासांत आमच्या कनिष्ठ बंधूंस दुर्धर व्याधि असावी, अशी डॉक्टरांस शंका आली. तपासणीचे कागद ते आम्हांस व परदेशीं वैद्यकी करणाऱ्या आपल्या कन्येस पाठविणार होते. आमच्या घरचा संगणक बैठकींत. आलेलें पत्र कोणीही उघडून मोठ्यानें वाचावें, ही घरची जुनी रीत. निदान पक्कें होईपर्यंत नव्वदीच्या मातोश्रींच्या कानीं कांहीं जाऊं नये, अशी बंधूंची इच्छा. त्यांतच बंधूंकडे विंडोज, पुतणीकडे मॅक आणि आमच्या येथें नातवानें घातलेलें लिनक्स. तीन तऱ्हेच्या यंत्रांस एक कुलूप कसें बसावें?

नातवानें समजाविलें कीं, कुलूप यंत्राचें नसतें, पद्धतीचें असतें. १९९१ सालीं अमेरिकेंत फिल झिमरमन यांनीं 'पीजीपी' रचिलें; १९९८ मध्यें 'ओपनपीजीपी' या नांवानें तिचे नियम सर्वांस खुले झाले. म्हणून विंडोजवर 'जीपीजी-फॉर-विन', मॅकवर 'जीपीजी सूट', लिनक्सवर 'ग्नूपीजी' अशीं साधनें भिन्न असलीं, तरी एकानें बंद केलेलें दुसऱ्यानें उघडतें. तिन्हींवर चालणाऱ्या 'थंडरबर्ड'मध्यें तर ही सोय २०२० पासून अंगचीच आहे. मराठी मजकूर व सोबतचे कागद शाबूत राहावे म्हणून सर्वांनीं 'पीजीपी-माइम' हाच प्रकार निवडावा.

प्रत्येकाच्या किल्ल्या दोन. जाहीर किल्ली कोणासही द्यावी; तिनें कुलूप केवळ लागतें. उघडतें तें खासगी किल्लीनें. ती घरच्यांसही देऊं नये, आणि हरवूं तर मुळींच नये. आम्हीं उत्साहाच्या भरांत खासगीच बंधूंस धाडली! जन्मभर मुलांचे कान पिळणाऱ्या मास्तरांचा कान त्या दिवशीं नातवानें धरला. ती किल्ली रद्द करून नवी जोडी करावी लागली. मग प्रत्येक किल्लीचा चाळीस चिन्हांचा ठसा फोनवर परस्परांस वाचून दाखविला. न पडताळलेली किल्ली तोतयाचीही असूं शकते. पत्राच्या विषयाची ओळ मात्र पुष्कळ ठिकाणीं उघडीच राहते. तेथें 'तपासणीचा निकाल' असें लिहिणें म्हणजे पाकीट चिकटवून वर मजकूर लिहिण्यासारखेंच!

पत्र आलें. शंका खरी ठरली होती. परंतु व्याधि आरंभींच सांपडली होती.

आमच्या मनास टोचणी एकच: एकत्र कुटुंबांत पत्रास कुलूप घालणें हा आप्तांवर अविश्वास नव्हे काय? विचारांतीं वाटतें, नव्हे. दुःख केव्हां आणि कोणत्या शब्दांनीं सांगावें, हा अधिकार ज्याचें दुःख त्याचा. मात्र तें सांगावयाचें असतें, कायमचें लपवावयाचें नसतें. विदुर काय बोलला, असें कुंतीनें मागाहून विचारतांच युधिष्ठिरानें तिला सांगितलेंच.

आठव्या दिवशीं बंधु स्वतः आले आणि मातोश्रींजवळ बसून त्यांनीं सर्व सांगितलें. मातोश्री त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाल्या, "अण्णा आठ दिवस माझी नजर चुकवीत होता. तेव्हांच मी ओळखलें."