बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलंय, हे लपवता कशाला?

बारावीचा निकाल लागला की गावात एक प्रश्न ठरलेला असतो. पोराला कुठं टाकलं? इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, बी.एस्सी. ॲग्री असं काही सांगितलं की पारावरची मंडळी माना डोलावतात. बी.ए.ला टाकलं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. बापच ओशाळून सांगतो, "काय करता, मार्क कमी पडले." त्यात पोरानं अर्थशास्त्र घेतलंय, हे तर सांगायचंच राहून जातं.

शेतकरी बंधूंनो, आज याच विषयावर बोलायचं आहे. कारण तुमच्या कपाशीला, सोयाबीनला, तुरीला जो हमीभाव जाहीर होतो, त्याचा हिशेब मांडायचं काम अर्थशास्त्राचं आहे. केंद्रानं १९६५ साली कृषी मूल्य आयोग नेमला, तेव्हा पहिले अध्यक्ष झाले ते एम. एल. दांतवाला, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पुढं १९८५ साली त्याच आयोगाच्या नावात 'खर्च' हा शब्द आला. आता हा खर्च धरतात कसा? बी, खत, औषध, डिझेल, रोजंदारी असा खिशातून गेलेला पैसा म्हणजे 'ए-२'. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवायची, ती 'एफएल'. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज चढवलं की झाला 'सी-२'. २०१८ पासून सरकार दीडपट भाव म्हणतं ते 'ए-२ अधिक एफएल'वर. शेतकरी संघटना दीडपट मागतात ती 'सी-२'वर. मोर्चे रस्त्यावर निघतात, पण भांडणाचं मूळ एका तक्त्यात आहे.

तो तक्ता कुठं लांब दिल्लीतच भरला जातो असंही नाही. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं राज्यातल्या पिकांच्या लागवड खर्चाची योजना कित्येक वर्षांपासून आहे. निवडलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून नोंदी घ्यायच्या आणि त्यावरून खर्च काढायचा, असं ते काम. तुमच्या घरची लक्ष्मी पहाटे उठून शेणकूर करते, भाकरी बांधून रानात जाते, दिवसभर खुरपते. त्यातले किती तास कपाशीच्या खात्यावर धरायचे आणि कोणत्या दरानं? हे लिहिणारा माणूस ज्यानं आईला खुरपताना पाहिलंय असा असला, तर नोंद जास्त खरी होईल असं मला वाटतं. नुसत्या घोषणांनी ती खरी होत नाही. त्या खुर्चीवर आपला माणूस बसावा लागतो.

आणि अर्थशास्त्र म्हणजे शहरी बाबूंचा विषय, असं म्हणणाऱ्यांना प्रवरानगर दाखवा. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. हे नुसते सल्ला देऊन मोकळे झाले नाहीत. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच, आणि १९५०-५१ साली पहिला हंगाम निघाला. पुढं हेच गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. शेअर कसे गोळा करायचे, बँकेपुढं हिशेब कसा मांडायचा, हे माहीत असलेला माणूस आणि गावाची नाडी ओळखणारा माणूस एकत्र आले म्हणून ते जमलं. आज किती कारखान्यांत असा अभ्यासू माणूस दिसतो, याचा विचार सभासदांनीच करावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंही तेच. त्यांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, पण त्यांची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राची, १९१२ सालची, एल्फिन्स्टन कॉलेजातली. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तुकडेजोड एवढ्यानं प्रश्न सुटणार नाही, जमिनीवर माणसांचा भार जास्त झालाय, तो उद्योगधंद्यांकडं वळला पाहिजे, असं त्याचं सार. आपल्या सातबाऱ्यावर आज किती नावं आहेत आणि एकेकाच्या वाट्याला किती गुंठे येतात, ते बघा. शंभर वर्षांपूर्वी पंचविशी ओलांडलेल्या एका तरुणानं हे लिहून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचं झालं, आमच्या पोराला नोकरी कुठं? रास्त प्रश्न आहे. खरं सांगायचं तर नुसत्या बी.ए.वर 'अर्थतज्ज्ञ' अशी पाटी लागत नाही. केंद्राची भारतीय आर्थिक सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते, पण तिला अर्थशास्त्रातली एम.ए. लागते आणि जागा थोड्याच निघतात. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर सेट किंवा नेट. पण मधलीही बरीच कामं आहेत, ती आपल्याकडं कुणाच्या ध्यानात येत नाहीत. नाबार्डच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी भरतीत आर्थिक व सामाजिक प्रश्नांवर पेपर असतो. नाबार्डला तर शेती आणि ग्रामविकासही विचारतात. तिथं आपल्या पोरांची निम्मी तयारी बांधावर झालेली असते. स्टाफ सिलेक्शनच्या पदवी पातळीवरच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी निवडतात. शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगाव उभ्या राहिल्यात, पण मालाचा भाव, साठवण, कर्ज आणि ताळेबंद एका डोक्यात धरणारा व्यवस्थापक मिळत नाही म्हणून कित्येक कंपन्या कागदावरच आहेत. विमा कंपन्या, बँका, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था यांनाही आकडे वाचणारी माणसं लागतात.

पण खरी मेख इथंच आहे, आणि ती म्हणजे गणित. दहावी झाली की आपली पोरं सुटलो म्हणतात आणि आर्ट्सला जातात. पुढं बी.ए.ला अर्थशास्त्र घेतात, गाईड पाठ करून पास होतात, आणि एम.ए.च्या चांगल्या संस्थेच्या दारात गेल्यावर कळतं की तिथं गणिताशिवाय पान हलत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला प्रवेश घ्यायचा तर प्रवेश परीक्षेला गणित द्यावंच लागतं. वर सांगितलेल्या सांख्यिकी अधिकाऱ्याच्या जागेलाही बारावीच्या गणितात ६० टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र घेतलेलं हवं. म्हणजे पोरगं एकविसाव्या वर्षी जी संधी शोधतं, ती त्यानं सोळाव्या वर्षी सोडलेली असते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यात पोरांचा दोष कमी. आपल्या बोर्डाचं अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक काढून बघा. त्यावर 'कला आणि विज्ञान' असं छापलेलं आहे. म्हणजे आर्ट्सच्या मुलाला गणित घेता येतं. पण तालुक्याच्या कॉलेजात विचारा, आर्ट्सला गणित आहे का? मास्तर हसतात. तुकडीला मुलं नाहीत म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून मुलं नाहीत. शास्त्र शाखेचा गणिताचा मास्तर त्याच इमारतीत बसलेला असतो. वेळापत्रकाची थोडी ओढाताण केली तर पाच-दहा पोरं त्याच्याच वर्गात बसू शकतात.

दुसरा एक धोका सांगतो. बी.ए. झालेलं पोरगं पुण्यात जातं, खोली घेतं, क्लास लावतं, आणि परीक्षांच्या नादात पाच-सात वर्षं निघून जातात. स्पर्धा परीक्षा वाईट नाही. पण एम.ए. करता करता परीक्षा देणं वेगळं, आणि नुसतं वाट बघत बसणं वेगळं. दोन प्रयत्नांनंतर काय, हे घरानं आधीच बोलून ठेवावं. म्हैस विकून पैसे पाठवणाऱ्या बापाला ते विचारायचा हक्क आहे.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सांगणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत, २०२१ ते २०२६ या काळात, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित हा हिशेब तुम्ही कितीदा घोकला असेल. सोळाव्या आयोगाचे अध्यक्षही अर्थशास्त्राचे प्राध्यापकच, अरविंद पनगढिया. गावात अर्थशास्त्र शिकणारं एखादं पोरगं किंवा पोरगी असली, तर विकास आराखडा करताना तिला बोलवा. गावाचं उत्पन्न काय, करवसुली किती, पाणीपट्टी का थकते, हे तिला कागदावर मांडू द्या. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन सांख्यिकी कार्यालय काढतं, ते तिच्या हातात द्या. तिला पुस्तकातला धडा समजेल आणि तुम्हाला फुकटात कामाचा माणूस मिळेल.

आणि आपल्यापैकी जे कुणी शिक्षण संस्थांच्या संचालक मंडळावर आहेत, त्यांनी अकरावीचे प्रवेश सुरू व्हायच्या आत प्राचार्यांना एवढंच विचारावं, की यंदा आर्ट्सच्या मुलांना गणित देणार की नाही. उत्तर लेखी मागा.