दहा रुपयांचं गुप्तधन

दहा रुपयांत आज टपरीवर फार तर एक कटिंग मिळतो. पण जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही कुणाला सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे आणि दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कायदा 1878चा, नाव निखात निधी अधिनियम. त्या काळी दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी, वजन 116 ग्रॅमच्या आसपास. ओंजळीत जाणवेल एवढा ऐवज. पुढे रुपया घसरत कुठल्या कुठे गेला, कायद्यातला आकडा मात्र जागचा हलला नाही.

विहीर खणताना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरताना मडकं लागलं की ज्याला ते सापडलं त्याच्यापुढे दोन वाटा असतात. कळवलं तर पोलीस, पंचनामा, तालुक्याच्या चकरा आणि ‘बाकीचं कुठे ठेवलंस?’ हा प्रश्न. नाही कळवलं तर सराफाची मूस. दुसरी वाट सोपी आहे, आणि ती धरणाऱ्याला नुसतं चोर म्हणून भागत नाही.

मुशीत जातं ते काय, हे पाहायचं तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला जावं लागेल. 1906 साली तिथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. असं एखादं नाणं भिंगाखाली धरलं की नहपानाच्या गालावर, नाकावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर उमटलेला दिसतो. राज्य जिंकलं, पण चलन आटवलं नाही. हरलेल्या राजाच्या तोंडावरच शिक्का मारून ते पुन्हा बाजारात सोडलं. पांडवलेण्यांच्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवल्याचं म्हटलं आहे. ती नुसती राजस्तुती नव्हती, हे या ढिगाने दाखवलं. नाणी एकत्र राहिली म्हणून ठसा मारलेली किती आणि कोरी किती, हे मोजता तरी आलं. हीच नाणी दहा-वीसच्या पुड्यांनी दहा सराफांकडे गेली असती, तर काय उरलं असतं?

आजचा नाणेबाजार सुट्या नाण्यांवर चालतो. शिवराईचंच घ्या. पुढे ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’ असं हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत पाडलं जात राहिलं. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. उत्तरकाळात ओळींमध्ये दोन दांड्या असलेली दुदांडी आली. यांतली महाराजांच्या हयातीतली कोणती, यावर संग्राहकांचे वाद हातघाईवर येतात. कारण ‘शिवकालीन’ म्हटलं की किंमत चढते. बहुतेक शिवराई नाण्यांवर ना साल असतं, ना टाकसाळीचं नाव. मग अक्षराच्या वेलांटीवरून आणि ठिपक्यांवरून तर्क लढवायचे. औरंगजेबाच्या रुपयावर साल आणि टाकसाळ दोन्ही असतात. असे रुपये आणि शिवराया एकाच मडक्यात सापडल्या, तर निदान मडकं कोणत्या सालानंतर पुरलं गेलं एवढं तरी ठरतं. पण मडकं फुटून माल वाटला गेला की तो पुरावाही वाटला जातो. नाणी राहतात, साल जातं. वादाला तेवढं खाद्य मिळतं, एवढंच.

त्यात घरोघरीची हौस. आजोबांच्या डबीतली काळपट शिवराई दिसली की ती चिंच-मीठ लावून घासायची. नाणं लख्ख होतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि शतकभरात चढलेला थर मोरीत वाहून जातो. अनुभवी संग्राहक अशा चकचकीत नाण्याकडे नुसतं बघतो आणि खाली ठेवतो.

मोबाइलवर फिरणारी लाखोंची स्वप्नं हा आणखी एक ताप. जुनी पाचाची नोट विका, लखपती व्हा! या नादात लोक ‘कमिशन’ आणि ‘कर’ म्हणून पैसे भरून बसतात. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की, असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपल्या नावाने शुल्क घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. 1818 सालचं, ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून खपवलं जाणारं ‘राम दरबार’ नाणं तसंच. कंपनीच्या मद्रासकडच्या पगोडांवर देवता होत्या, हे खरं. पण हे दोन आण्यांचं नाणं तिने कधी पाडलेलंच नाही. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, लाखभर मोजायला आहे.

किंमत वयाने येत नाही, दुर्मिळतेने येते. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसू लागला. लोक खवळले, सरकारने बरेचसे रुपये आटवले आणि 1912 मध्ये हत्ती सुधारून घेतला. उरलेल्या त्या ‘डुकराच्या रुपया’ला आज मान आहे. सोळाशे-सतराशे वर्षं जुनं रोमन तांब्याचं झिजकं नाणं त्याहून कितीतरी स्वस्तात मिळू शकतं.

नाण्याची किंमत अशी धातूपलीकडची असते, म्हणूनच 1878 च्या कायद्याचा दहाचा आकडा बदलणं ही निव्वळ सुरुवात ठरेल. इंग्लंडने 1996 मध्ये आपला कायदा नव्याने केला. तिथे संग्रहालयाने निधी घेतला तर बाजारभावाने बक्षीस मिळतं. शिवाय कायद्याच्या कक्षेबाहेरच्या वस्तूंचीही लोक आपणहून नोंद करतात. अशा नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. आपल्याकडेही बेवारस निधीत, वेगळा करार नसेल तर, ज्याला सापडलं त्याला तीन-चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला उरलेला वाटा, अशी तरतूद आहे. ती गावात कुणाला ठाऊक नसते. पण खरी गोम पुढच्या एका कलमात आहे. सरकारला निधी स्वतःकडे ठेवायचा असेल, तर मोबदला धरायचा तो त्यातल्या धातूच्या किमतीवर, वर एक-पंचमांश.

म्हणजे सराफ लावतो तोच तराजू, फक्त थोडा झुकता. जोगळटेंभीचं एक नाणं भरतं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. त्यावर दोन राजे आणि तीन लिप्या आहेत, हे या हिशेबात कुठेच धरलेलं नाही.