सारांश लिहू नकोस

मे महिना उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. 'आठवी ते दहावीच्या मुलांनी सुट्टीत वाचायलाच हवीत अशी पुस्तकं.' यादी कुणी केली ते कुणालाच माहीत नाही. 'श्यामची आई'पासून 'अग्निपंख'पर्यंत सगळी चांगली पुस्तकं, त्याबद्दल वाद नाही. मध्येमध्ये श्रीमंत कसं व्हावं, वेळेचं नियोजन कसं करावं, असलं पेरलेलं. खाली दहा-बारा अंगठे, आणि मग एकेकाचं सुरू होतं, 'आमचा तर पुस्तकाला हातच लावत नाही हो!'

यंदा मी त्या यादीखाली अंगठा दाबला नाही. उलट चार ओळी लिहिल्या आणि त्यावरून ग्रुपवर बरंच रामायण झालं. त्या चार ओळींच्या इथे चाळीस करते आहे. शिव्या घालायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून घाला.

आधी कबुलीजबाब देते. मागच्या वर्षीपर्यंत ही यादी पुढे ढकलणाऱ्यांत मीही होते. नुसती ढकलत नव्हते, अंमलात आणत होते!

मागच्या उन्हाळ्यात लेकीची नववी संपली. शेवटचा पेपर शनिवारी झाला आणि सोमवारपासून दहावीची व्हेकेशन बॅच सुरू. सकाळी सात ते अकरा. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मे महिन्यात अकरा वाजता सायकलवरून घरी यायचं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. आली की जेवण, मग क्लासचा होमवर्क. त्यातून जे दोन तास उरत होते त्यांत तिनं अवांतर वाचन करावं, असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. औरंगपुऱ्यातून दोनशे पानी वही आणली आणि स्वतःच्या हातानं रकाने आखले. पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश (दहा ओळी), 'मी काय शिकले'. मला वाटलं, काय जबाबदार आई आहे मी!

तिसऱ्या पुस्तकाचा सारांश वाचताना मी हरखूनच गेले. 'मानवी मनाच्या तळाचा ठाव घेणारी'... अरे वा, पोरीची भाषा काय सुधारली! मग जरा संशय आला. पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावरचा मजकूर, स्वल्पविरामासकट.

चिडून तिच्या खोलीत गेले तर उशीखाली आणखी एक पुस्तक. पिवळी पडलेली पानं, सुटलेली शिवण. नारायण धारप! भुताखेताचं. आता तर मी तोंडच सोडलं. यादीतली एवढी पुस्तकं सोडून हे असलं वाचतेस? कुठून आणलंस? कुणी दिलं?

ती शांतपणे म्हणाली, "आई, आजीच्या माळ्यावर मिळालं. तुझंच आहे. आत नाव आहे तुझं."

उघडून पाहिलं. माझं नाव, इयत्ता नववी, १९९२. आणि त्याच्या वर एका वाचनालयाचा गोल शिक्का. म्हणजे पुस्तक माझंसुद्धा नव्हतं, परत करायचं राहिलेलं होतं. (वाचनालयाचं नाव सांगत नाही. दंड निघायचा! :))

मी काही न बोलता बाहेर आले. पण ते १९९२ डोक्यातून जाईना. तेव्हाची सुट्टी आठवली. दुपारी जेवणं झाली की घरात सामसूम. कूलरची घरघर आणि वाळ्याचा वास. मोठी माणसं झोपलेली. मी माळ्याच्या जिन्यावर बसून धारप वाचायचे, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायचे, सुहास शिरवळकर वाचायचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तोवर पाठ झालेला. कुणी विचारत नव्हतं काय वाचतेस, किती पानं झाली, काय शिकलीस. शिकले तर काहीच नाही. रात्री अंगणात एकटीनं जायची भीती वाटायला लागली, एवढंच. पण एक गोष्ट नकळत झाली. पुस्तक घेऊन तासन् तास एकटीनं बसता यायला लागलं. पुढे जी काही 'चांगली' पुस्तकं वाचली ती सगळी त्याच बैठकीवर. आणि हीच मी, माझ्या मुलीच्या हातात वही देऊन रकाने भरून घेत होते.

आता मुद्द्यावर येते. मुलं वाचत नाहीत असं नाही. आपण त्यांना वाचू देत नाही. आपण त्यांच्याकडून वाचन करवून घेतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शाळेचं उदाहरण घ्या. दहावीच्या 'कुमारभारती'त 'स्थूलवाचन' नावाचा भाग आहे. शब्दावरून वाटतं की हे तरी मुलांनी मोकळेपणानं वाचायचं. पण त्याखालीही स्वाध्याय आहे, प्रश्नपत्रिकेत त्यालाही गुण आहेत आणि त्याचीही तयार उत्तरं गाइडमध्ये आहेत. २०१५ पासून राज्यात १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या वाढदिवशी, 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. हेतू उत्तमच. पण कितीतरी ठिकाणी प्रत्यक्षात काय होतं? मुलं रांगेत बसतात, हातात पुस्तक धरतात, फोटो निघतो, अहवाल जातो. आणि घरी आमच्यासारखे पालक उरलंसुरलं काम पूर्ण करतात.

"अहो पण मोबाइल!" हे आता तुम्ही म्हणणारच. ग्रुपवरही पहिलं उत्तर तेच आलं. मान्य. मोबाइल हा खरा प्रतिस्पर्धी आहे, आमच्या वेळच्या टीव्हीपेक्षा कितीतरी तगडा. पण तो जिंकतो कशामुळे याचा विचार केलाय? मोबाइलवर काय पाहिलंस त्याचा दहा ओळींत सारांश लिही, असं त्यांना कुणी म्हणत नाही. त्यात पाहिजे ते निवडता येतं, कंटाळा आला की सोडता येतं, त्यावर कुणी गुण देत नाही. वाचनातून या सगळ्या सवलती आपणच काढून घेतल्या आणि वर तक्रार करतोय की मुलं मोबाइलकडे वळली! दानिएल पेनाक नावाच्या एका फ्रेंच शिक्षक-लेखकानं १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यातला पहिला हक्क कोणता? न वाचण्याचा. नंतरचे, पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मोठ्यांनी हे हक्क कधीच घेतलेले आहेत. माझ्या कपाटात अर्धवट सोडलेली पुस्तकं मोजायची म्हटली तर एक रविवार जाईल.

आणि गंमत सांगू? माझ्या लेकीला धारपांपर्यंत त्या मोबाइलनंच नेलं. 'तुंबाड' हा २०१८ चा सिनेमा तिनं पाहिला, त्यामागे धारपांची कथा आहे हे तिला कुठल्याशा व्हिडिओतून कळलं, म्हणून माळ्यावर ते नाव दिसल्यावर तिनं पुस्तक उचललं. माझ्या यादीनं तिला कुठेही नेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "मग काय वाट्टेल ते वाचू द्यायचं?" एका काकांनी तर विचारलं, "उद्या काही भलतंसलतं डोक्यात शिरलं म्हणजे?"

काकांचा मी खरंच आदर करते, कारण त्यांनी मनातली खरी भीती बोलून दाखवली. आपल्याला मुलांनी वाचायला हवंय, पण वाचून बदलायला नकोय. आपल्याला हवंय ते असं वाचन, की ज्यातून मूल आहे तसंच राहील, फक्त मार्क वाढतील आणि नमस्कार करायला लागेल. पण पंधराव्या वर्षी खरोखर वाचलेलं पुस्तक असं वागत नाही. ते घरात प्रश्न घेऊन येतं.

यासाठी एक खरी गोष्ट सांगते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची त्याच्यावर नजर गेली. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता, तरी त्यांनी चौकशी केली, ओळख ठेवली, त्याला पुस्तकं दिली. पुढे शाळेतल्या यशाबद्दल त्या मुलाचा सत्कार झाला, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. घरी वडिलांची शिस्त कडक होती, रामायण-महाभारताचं वाचन करावं लागायचं. 'द बुद्धा अँड हिज धम्मा'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे घरचं वाचन आणि ती पुस्तकाची भेट याबद्दल स्वतः सांगितलंय. ते चरित्र वाचल्यावर त्यांना प्रश्न पडला, की वडिलांनी आपल्याला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही? आणि एक दिवस त्यांनी वडिलांना थेट विचारलं, की ज्यात शूद्रांची आणि अस्पृश्यांची अवहेलना आहे ते ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता?

म्हणजे बघा, घरची यादी होतीच. पण आयुष्य हललं ते यादीबाहेरच्या पुस्तकानं. आणि केळूसकर गुरुजींनी सारांश मागितल्याचं कुठे वाचनात नाही!

त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद. मिलिंद कोण? नागसेन भिक्खूला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. रोज त्या नागसेनवनावरून येजा करणाऱ्या आपल्या शहरानं मुलांच्या प्रश्नांना घाबरावं, हे काही बरं नाही.

आता, 'मोकळं सोडा' म्हणणं मला सोपं आहे, कारण माझ्या आईच्या माळ्यावर पुस्तकं होती. ज्यांच्या घरात एकही पुस्तक नाही त्यांचं काय? त्याचंही उत्तर याच शहरात सापडतं. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, मरियम मिर्झा नावाच्या इथल्या एका शाळकरी मुलीनं घरची पुस्तकं काढून वस्तीतल्या मुलांसाठी 'मोहल्ला लायब्ररी' सुरू केली. वडिलांचं पुस्तकांचं दुकान, ते पाठीशी उभे राहिले. पुढे त्यातून शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये अशा लायब्रऱ्या निघत गेल्या. त्या मुलीनं काय केलं? पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवली. बस्स. आपण मोठी माणसं मात्र उद्घाटनं करतो आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावतो.

पुस्तकं नाहीत म्हणावं तर तसंही नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. आपल्या शेजारच्या जालन्यात जन्मलेले भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नाव बघा, भूतबंगला! म्हणजे अकादमीलासुद्धा भुतांचं वावडं नाही, ते फक्त आम्हा पालकांना आहे. या वयासाठी मराठीत अजून कितीतरी जास्त लिहिलं जायला हवं हे खरंच. पण जे आहे ते वाचायला वेळ कुठे ठेवलाय आपण? खरा वैरी मोबाइल नाही, ती सकाळी सातची बॅच आहे. सुट्टीतला कंटाळा ही पुस्तकाकडे जाणारी सगळ्यात जुनी वाट, आणि आपण ती पैसे भरून बंद करून घेतो.

माझं मागणं मोठं नाही. यादी करायचीच असेल तर करा, पण फ्रिजवर चिकटवू नका. घरात, बैठकीत, संडासाबाहेरच्या स्टुलावरसुद्धा चार पुस्तकं पडू द्या. वाचनालयाचं कार्ड मुलाच्या नावानं काढा आणि दारातूनच परत या. काय आणलंय ते पिशवीत डोकावून बघू नका. आणि तो जे वाचतोय ते तुम्हाला भिकार वाटत असेल तर तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. अनुभवानं सांगते.

माझ्या लेकीचं पुढे काय झालं? चमत्कार वगैरे काही नाही. तिनं धारपांची चार पुस्तकं वाचली, मग पावसाळाभर एकही नाही. दहावी झाली. यंदा अकरावीच्या नीट-जेईई बॅचला आम्ही तिला आत्ताच घातलं नाही, महिनाभर मोकळं ठेवलंय. त्यावरून नातेवाइकांत आमची अक्कल काढली जातेय. ती कदाचित मागे पडेलही. ही भीती मलाही रात्री वाटते, नाही कशाला म्हणू? पण दोन वर्षांनी ती कुठल्याशा गावाला शिकायला जाईल, तेव्हा एकटीनं बसायची सवय तिच्याबरोबर गेली पाहिजे, आणि ती कुठल्याच बॅचमध्ये मिळत नाही.

ती दोनशे पानी वही आता दुधाच्या हिशेबाला लावलीय. रकाने आयतेच आखलेले होते.

आज दुपारी लेक कूलरसमोर पालथी पडून काहीतरी जाडजूड वाचत होती. काय ते मी विचारलेलं नाही. फार इच्छा झाली होती, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात जाऊन दोनदा पाणी पिऊन आले.