अकराव्या ताशी बाजारात उभे असलेले

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील पहिली सोळा वचने 'द्राक्षमळ्यातील मजूर' या नावाने आपणां सर्वांस परिचित आहेत. उपासनेच्या 'अ' वर्षात, सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी हा दाखला मिस्सामध्ये वाचला जातो. २०२६ साली तो रविवार २० सप्टेंबरला येतो. मळ्याचा धनी पहाटेपासून दिवस कलेपर्यंत पाच वेळा बाहेर पडतो, बाजारात उभ्या असलेल्या मजुरांना कामाला लावतो आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो. आपली प्रवचने बहुधा मळ्यात आणि मजुरीच्या हिशेबात रमतात. ही माणसे दिवसभर जिथे उभी होती त्या बाजाराकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पुणेकरांना बाजार म्हटले की मंडई आठवते. म्हणून तिथूनच हा दाखला वाचावा असे आम्हांस वाटते.

मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली मंडईची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली. (पुण्याच्या धर्मप्रांताची स्थापनाही त्याच वर्षीची, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुले यांचे नाव मिळाले. इतिहासालाही विनोद वर्ज्य नसतो. आता तिच्या शेजारी भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. पण बाजार म्हणजे नुसती इमारत नव्हे. गाळ्यापर्यंत पोती, पाट्या आणि टोपल्या वाहून आणणारी पाठ दिसली तरच बाजार दिसला, असे म्हणता येईल.

त्या पाठीकडे ज्यांनी आयुष्यभर पाहिले ते डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, पुण्यात निवर्तले. व्यवसायाने ते वैद्य. पुण्यातील हमालांना संघटित करून त्यांनी हमाल पंचायत उभी केली. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून 'कष्टाची भाकर' हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात झाला तो अशाच चळवळींच्या रेट्यामुळे. या कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो; त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी मिळते. ज्याला कायमचा मालक नाही त्याच्यामागे कोणीतरी उभे राहावे, ही त्यामागील कल्पना. बाबा आढाव ख्रिस्ती नव्हते. तरी या दाखल्यातील धन्याचा स्वभाव त्यांना पुरता उमगला होता, असे आम्ही निःसंकोच म्हणतो.

धनी शेवटच्या खेपेस बाहेर पडतो तेव्हा उरलेल्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का? आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. त्यात आळसाची कबुली नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी कोण आधी उचलले जातात हे आपण जाणतो: तरणे, धडधाकट, ओळखीचे. मागे राहतात ते म्हातारे, आजारी, अंगाने लहान. त्यांच्याही घरी रात्री चूल पेटायची असते आणि एक दिनार म्हणजे साधारण एका दिवसाचा संसारखर्च. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, ती याच कारणास्तव. उशिरा आलेल्या पापी माणसालाही देव तीच कृपा देतो, हा अर्थ खराच. परंतु भाकरीचा अर्थ गाळून तो सांगितला की दाखला हलका होतो.

'रेरुम नोवारुम' या १८९१ च्या विश्वपरिपत्रकात पोप लिओ तेरावे यांनी हेच सूत्र धरले. मजूर आणि मालक यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. तिच्यावर साध्या माणसाचा निर्वाह चालला पाहिजे, असे त्यांनी शिकवले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले. त्याच वर्षी, २१ नोव्हेंबरला, आपल्या देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. मोबाईलच्या ॲपवरून काम मिळणाऱ्यांचा त्यांत प्रथमच उल्लेख आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. उलट, सरकारी परवानगीवाचून कामगार कमी करण्याची मुभा शंभराऐवजी तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना मिळाली, म्हणून कामगार संघटना नाराज आहेत आणि ती नाराजी आम्हांस अनाठायी वाटत नाही.

कायद्याचे काय व्हायचे ते होईल. दाखल्यात कुरकूर करतात ते मात्र श्रीमंत नव्हेत, पहाटे आलेले मजूरच करतात. आपल्यापैकी पुष्कळ जण असे पहाटे आलेले आहेत: शिकलेले, पगारदार, फंड असलेले. मंडईत मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना किंवा घरकाम करणाऱ्या बाई तापाने चार दिवस आल्या नाहीत म्हणून महिन्याचा हिशेब मांडताना आपण कोणत्या रांगेत उभे असतो? त्या चार दिवसांचे पैसे कापावेत की नाही, हे सप्टेंबरातल्या त्या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे, एवढे आम्ही सुचवतो.