उंबरठ्यापलीकडे

श्रावण नुकताच लागला होता. पावसाच्या झडीत गल्लीच्या टोकाला, एका हातगाडीखाली कुडकुडत बसलेली दोन पिल्ले आमच्या नातीला सापडली. एक शेजाऱ्यांनी नेले, दुसरे आमच्या घरी आले. रंग थेट इंदुरी पोह्यांवरच्या जिरावनाचा, म्हणून नातीने नाव ठेवले 'जिरू'.

डॉक्टरांनी दात पाहून वय ७ आठवडे ठरविले, लस टोचली आणि बजावले, "१६ आठवड्यांचे होईतो लसी पुऱ्या होत नाहीत. तोवर ह्याचे पाय बाहेरच्या मातीला लागू देऊ नका." एक लस का पुरत नाही, असे आम्ही विचारले. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिल्लाला काही काळ तारते, पण तेच लसीचा गुणही येऊ देत नाही. ते कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावयाची. पार्व्होचा विषाणू मात्र मातीत कित्येक महिने टिकून राहतो.

शेजाऱ्यांनी आपले पिल्लू मोकळे सोडले होते. पंधरवड्यातच त्याला रक्ताची हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. धसका घेऊन आम्ही अंगणाचे दारच लावून टाकले.

ह्यावर डॉक्टर पुन्हा रागावले! स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली आपल्या ग्रंथात दाखविले आहे, की सुमारे ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू जे पाहते, ऐकते, ते त्याला आपले वाटते. त्या दिवसांत कोंडलेले पिल्लू जगते खरे, पण पुढे जगालाच भिते. मग करावे काय? "कडेवर घ्या आणि जग दाखवा!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी नातीच्या कडेवरून जिरूची स्वारी निघू लागली. रिक्षांचे भोंगे, दूधवाल्याचे डबे, आरतीची घंटा. प्रथम तो तिच्या कोपरात तोंड खुपसून बसे. हळूहळू कान उभे राहिले, नाक चालू लागले.

शेवटची लस होऊन आठवडा झाला, तो दिवस नेमका दसऱ्याचा. दार उघडले. नात पट्टा ओढू लागली, तिला आम्ही थांबविले. जिरूने उंबरठा हुंगला. एक पाय दवाने भिजलेल्या गवतावर ठेवला, झटकन मागे घेतला, पुन्हा ठेवला. तोरणातून गळलेल्या झेंडूच्या पाकळीवर शिंकला. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. त्याने वळून आमच्याकडे पाहिले. त्याला उचलून घ्यावयास आमचे हात पुढे झाले होते, ते आम्ही मोठ्या कष्टाने आवरले. क्षणभर तो तसाच उभा राहिला, आणि मग पुन्हा पाकळी हुंगू लागला.

वाचकहो, लेकराला जपावे किती आणि सोडावे किती, ह्याचा हिशेब तीन मुले वाढवूनही आम्हांस नीट जमला नव्हता. आता ह्या वयात तो नव्याने मांडीत आहोत.