तीन क्विंटल सोयाबीनचं बुडापेस्ट

मंडळी, बुडापेस्ट हे नकाशावर एकच ठिपका म्हणून दिसतं, पण मुळात ती नदीकाठची वेगवेगळी गावं. डॅन्यूबच्या उजव्या काठावर डोंगराळ बुडा, त्याच्या वरच्या अंगाला जुनं ओबुडा, आणि डाव्या काठावर तळहातासारखं सपाट पेस्ट. १८७३ साली ही तिन्ही एकत्र झाली आणि आज आपण म्हणतो ते बुडापेस्ट, हंगेरीची राजधानी, तयार झालं.

एवढ्या लांबचं गाव आज या सदरात कशाला, असं तुम्ही विचाराल. तर आपल्या एका जुन्या वाचकाचं पत्र आलं आहे. नावगाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून आपण त्यांना नुसतं आबा म्हणू. आबांची थोरली मुलगी जर्मनीत म्युनिकला शिकते. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज आहे आणि त्या कर्जाला जमीन तारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही पोरगी चार दिवस बुडापेस्ट पाहून आली, फोटो घरी पाठवले, आणि ते फोटो घरातून भावकीत गेले. मग बोलणी सुरू झाली. ‘बापाचं रान बँकेत, आणि लेक राजवाडे बघत हिंडतेय.’ आबांनी पोरीला एका शब्दानं विचारलं नाही. पण पोरीच्या कानावर ते गेलंच. तिनं रागावून फोन केला नाही. पैन्‌पैचा हिशोब लिहून पाठवला आणि सोबत काय काय पाहिलं त्याची लांबलचक हकीकत. आबांनी दोन्ही कागद आमच्याकडे धाडले आणि खाली एक ओळ लिहिली, ‘वाचून तुम्हीच काय ते सांगा.’

आधी हिशोब, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे. म्युनिकहून रात्रीची बस, जाऊन येऊन ५८ युरो. तीन रात्री झोपायला ४५. शहरात फिरायचा पास १४. खाणं ३०. संग्रहालयाचं तिकीट आणि किरकोळ ७. घरी आणायची मिरचीपूड ६. एकूण १६० युरो. त्या वेळच्या दरानं साधारण साडेचौदा हजार रुपये. आता त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तोही पदरात पडत नव्हता. म्हणजे हमीभावानं धरले तरी तीन क्विंटल सोयाबीन झालं. आबांच्या घरात हे गणित मनातल्या मनात सगळ्यांनी केलंच असणार. शेतकऱ्याच्या घरात कुठलाही आकडा आधी क्विंटलमध्ये बदलतो, मग कळतो.

पण दुसरीकडून बघा. जर्मनीत शिकायला जाताना वर्षाच्या राहण्याखाण्याचा पैसा आधीच एका खात्यात भरावा लागतो आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच हाती येते. कर्जाच्या पैशाला हात लावून चैन करायची सोय तिथं फारशी नाही. विद्यार्थ्याला मर्यादित तास काम करायची परवानगी असते. ही पोरगी शनिवार-रविवारी एका बेकरीत पहाटे उभी राहते. २०२४ साली तिथली किमान मजुरी तासाला १२ युरो ४१ सेंट होती. १६० युरोला भागून पाहिलं तर तेरा तास भरतात. म्हणजे बापाच्या रानातलं तीन क्विंटल सोयाबीन नव्हे, लेकीच्या तेरा तासांच्या उभ्या मजुरीचे पैसे. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठल्या आकड्यानं मोजायचं यावरच भांडण आहे.

आता हा खर्च एवढा कमी कसा बसला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं आज ना उद्या बाहेर जाणार आहेत. जर्मनीचा राहण्याचा परवाना असला की हंगेरीत जायला वेगळा व्हिसा लागत नाही. शेंगेन कराराच्या देशांत एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांपर्यंत हिंडता येतं. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड मात्र अंगावर हवं. रात्रीच्या बसनं गेलं की एका रात्रीचं भाडं वाचतं आणि सकाळी माणूस गावात असतो. झोपायला हॉटेल नाही. एका खोलीत आठ-दहा खाटा, त्यातली एक आपली, आणि सामानाला कुलपाचं कपाट. कुलूप आपलं आपण न्यायचं. शहरात बहात्तर तासांचा एकच पास, त्यावर बस, ट्राम, भुयारी गाडी सगळं चालतं. सुट्टं तिकीट घेतलं तर ते यंत्रात छापून घ्यावं लागतं. न छापता बसणारे पुष्कळ परदेशी तपासनिसाच्या हाती सापडतात आणि दंड भरतात. आणखी एक. हंगेरीत युरो नाही, फोरिंट आहे. पैसे काढताना किंवा दुकानात कार्ड लावताना यंत्र विचारतं, युरोत कापू की फोरिंटमध्ये? फोरिंटच म्हणायचं. युरो म्हटलं की यंत्रवाला आपल्या दरानं बदलून घेतो आणि तो दर कधी आपल्या फायद्याचा नसतो. व्यापारी सगळीकडचे सारखेच.

या फोरिंटचीही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या जुन्या पेंगो नाण्याची अशी वाताहत झाली की भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत. सकाळी धान्य विकलेल्या माणसाच्या हातात संध्याकाळी कागद उरायचा. १ ऑगस्ट १९४६ ला फोरिंट आला तेव्हा कुठे बाजार थाऱ्यावर आला.

खाण्याचं तिनं असं केलं: सकाळी दुकानातून पाव, दही, सफरचंद. नळाचं पाणी पिण्याजोगं, त्यामुळे बाटली विकत घ्यायची नाही. दुपारी कामगार जेवतात तसल्या खाणावळीत ‘फोझेलेक’. मटार, मसूर, पालक किंवा भोपळा शिजवून पीठ लावून दाट केलेला पदार्थ. आपल्या पातळ भाजीच्या अगदी जवळचा, फक्त फोडणी नाही. संध्याकाळी एकदाच ‘लांगोश’ खाल्ला. तळलेल्या जाड पुरीवर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज.

आता पाहिलं काय? पहिल्या दिवशी सकाळी दोन नंबरची ट्राम पकडली. ही पेस्टच्या बाजूनं नदीच्या काठाकाठानं जाते आणि खिडकीतून पलीकडचा बुडाचा राजवाडा, पूल, संसदेची इमारत असं सगळं पासाच्या पैशात दिसतं. महिन्याभरापूर्वीच, सप्टेंबरात, डॅन्यूबला मोठा पूर येऊन खालचे घाटरस्ते पाण्याखाली गेले होते. संसदेच्या आत ती गेली नाही. युरोपबाहेरच्यांना तिथं तिकीट बरंच महाग पडतं. त्या इमारतीचा घुमट ९६ मीटर आणि शहरातल्या संत इश्तवानच्या चर्चचा घुमटही ९६ मीटर. कारण मग्यार लोक या प्रदेशात आले ते सन ८९६ धरतात. राज्य आणि देव, कुणी कुणापेक्षा उंच नाही.

नदीवरच्या साखळीपुलाची हकीकत तिनं दोन पानं लिहिलीय. पूर्वी इथं उन्हाळ्यात होड्यांचा पूल असे, हिवाळ्यात बर्फ वाहू लागला की तो काढून ठेवत. १८२० च्या डिसेंबरात काउंट इश्तवान सेचेनी हा सरदार वडिलांच्या अंत्यविधीला निघाला आणि नदीपाशी आठवडाभर अडकून पडला. पक्का पूल बांधायचा ध्यास त्यानं त्यानंतर घेतला म्हणतात. पूल १८४९ साली खुला झाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या काळी हंगेरीतले सरदार-जमीनदार करच देत नसत, सगळा भार कुळांवर. या पुलाचा टोल मात्र सरदारालाही भरावा लागेल असं ठरलं. गरिबाच्या बरोबरीनं श्रीमंताच्या खिशाला हात लागला तो असा पुलावर. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेताना जर्मनांनी पूल उडवला आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ ला, तो पुन्हा उभा राहिला.

संसदेजवळच नदीच्या काठाला लोखंडी जोडे मांडून ठेवलेत. साठ जोड. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या ‘ॲरो क्रॉस’ या नाझीधार्जिण्या टोळीनं ज्यू लोकांना काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीनं वाहून नेली. गोळी घालण्यापूर्वी जोडे काढायला लावत, कारण जोड्यांना बाजारात किंमत होती. २००५ साली हे स्मारक झालं. पोरगी लिहिते की एका लहान जोड्यात कुणीतरी गोळी-बिस्कीट ठेवलं होतं, आणि दारात काढलेल्या चपलांसारखेच ते दिसत होते, जणू माणसं आत जेवायला बसलीत. तिथून उठल्यावर त्या दिवशी तिनं दुसरं काही पाहिलं नाही.

दुसरा दिवस सगळा सिटी पार्कमध्ये. तिथं जायला जमिनीखालची छोटी पिवळी गाडी आहे. २ मे १८९६ ला सुरू झाली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली भुयारी रेल्वे. बोगदा खणला नाही. रस्ता वरून उकरून चर काढला, त्यात रूळ टाकले आणि वरून झाकलं. दोन वर्षांच्या आत काम पुरं. आपल्याकडे एखाद्या चारीला किती वर्षं लागतात ते मी लिहीत नाही.

त्या बागेत एक किल्ला आहे, वायदाहुन्याद. १८९६ च्या प्रदर्शनासाठी तो आधी लाकूड-पुठ्ठ्याचा केला होता. लोकांना इतका आवडला की पुढे दगडाविटांचा बांधला. आणि त्या किल्ल्यात शेतीचं संग्रहालय! राजवाडे बघत हिंडते म्हणणाऱ्या भावकीनं एवढं ध्यानात घ्यावं की आबांच्या लेकीनं बुडापेस्टमध्ये तिकीट काढून जी मोठी वास्तू आतून पाहिली ती ही. नांगर, द्राक्षं दाबायचे घाणे, मेंढपाळांचे लोकरी झगे. हंगेरीच्या करड्या बैलांची माहिती तिनं मुद्दाम आबांसाठी उतरवून घेतली. रंगानं आपल्या खिलाराच्या जवळचे, पण शिंगं लांब आणि दोन्हीकडे पसरलेली. वासरू जन्मतं तांबूस आणि मग करडं होतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात या जनावरांचे कळप पायी हाकत व्हिएन्ना, न्युरेंबर्ग, व्हेनिसच्या बाजारापर्यंत नेत. ट्रॅक्टर आल्यावर ही जात संपत आली होती, सरकारी शेतांवर थोडी जपली म्हणून उरली. तिथंच किन्चेम घोडीचा सांगाडा आहे. ५४ शर्यती धावली आणि एकही हरली नाही.

बागेच्या कडेला सेचेनी स्नानगृह, १९१३ चं. गरम पाण्याच्या मोठ्या हौदात म्हातारे छातीपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. तिकीट तिच्या दोन दिवसांच्या झोपण्याएवढं, म्हणून ती गेली नाही. मी असतो तर लांगोश सोडून गेलो असतो! पण त्या पाण्याची गोष्ट बोअरवाल्या वाचकांसाठी. विल्मोश झिग्मोंडी नावाच्या खाण-इंजिनियरनं या बागेत १८६८ ला भोक पाडायला घेतलं. दहा वर्षं खणत होता. १८७८ ला ९७० मीटरवर पाणी लागलं, ७४ अंश गरम. दहा वर्षं त्याला पैसे पुरवणाऱ्या नगरपालिकेचं मला जास्त कौतुक वाटतं.

तर आबा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोरगी उधळी नाही. उधळ्या माणसाला ५८ आणि ४५ असे आकडे लिहिता येत नाहीत, तो ‘साधारण इतके’ म्हणतो. कर्जाचा हप्ता चुकला असता तर गोष्ट वेगळी. तो चुकलेला नाही हे तुमच्याच पत्रात आहे. भावकीला हिशोब दाखवायची गरज नाही. तो तिनं तुमच्यासाठी लिहिलाय. तिला फोन करा आणि बैलांबद्दल विचारा. परीक्षेबद्दल नंतर.

राहिली मिरचीपूड. ती तिनं फोव्हाम चौकातल्या १८९७ च्या मोठ्या बाजारातून घेतली, खालच्या मजल्यावरून, कारण वरच्या मजल्यावर प्रवाशांचे भाव असतात. मिरची त्यांचीही नाही, आपलीही नाही. अमेरिकेतून आली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आणि त्यांच्याकडे तुर्कांच्या राज्यात. पण ‘पाप्रिका’ हा त्यांचा शब्द मागे मागे नेला तर आपल्या पिंपळीपाशी येतो. सेगेद गावच्या याच मिरच्यांतून आल्बर्ट सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञानं क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात काढलं आणि १९३७ साली त्याला नोबेल मिळालं. पुडीवर ‘एदेश’ लिहिलं असेल तर ती गोडी, ‘चिपोश’ असेल तर तिखट. आबांकडे एदेश आलीय. वहिनींनी ती आपल्या तिखटासारखी तापल्या फोडणीत टाकू नये, तिच्यात साखर असते, लगेच जळून कडू होते. कांदा परतून झाला की भांडं खाली उतरवायचं, मग पूड घालायची आणि लगेच पाणी.